फूल येण्याआधीची भाजी

पेण तालुक्यातल्या गागोदे बुद्रुकला बाहेरचा माणूस येतो तो बहुधा विनोबांचं जन्मस्थान बघायला. विनायक नरहर भावे ११ सप्टेंबर १८९५ला इथे जन्मले आणि दहाएक वर्षांचे असताना बडोद्याला गेले. पुढे १९१६मध्ये त्यांनी आपली शाळा-कॉलेजची प्रमाणपत्रं चुलीत घातली, ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. गागोद्याचं रान बघायला मुद्दाम कुणी येत नाही. पण पेण-रोह्याच्या या डोंगरपट्ट्यात पहिला पाऊस पडून आठवडा उलटला की बांधाबांधांवर टाकळा उगवतो, रानात शेवळं वर येतात, आणि कातकरी-ठाकर बायकांच्या टोपल्या बाजाराच्या वाटेला लागतात. गेल्या दहा-पंधरा वर्षांत या टोपल्यांमागोमाग पुस्तकंही आली. रानभाज्यांची रंगीत पुस्तकं, पाककृतींच्या पुस्तिका, कृषी खात्याची माहितीपत्रकं. दुसरीकडून इंग्रजीतली ‘रानात तगून कसं राहावं’ छापाची जाडजूड पुस्तकं आली. शहरातला हौशी माणूस दोन्ही प्रकार विकत घेतो आणि शनिवारी सकाळी गाडीला किल्ली लावतो. या वाचनातून रान शिकता येतं का, आणि येत असेल तर कितपत, हा प्रश्न एकदा नीट मांडून बघायला हवा.

रानाची पुस्तकं आपल्याकडे नवी नाहीत. गार्सिया द ऑर्ताचे वनौषधींवरचे संवाद १५६३मध्ये गोव्यात छापले गेले. डच सुभेदार व्हान ऱ्हेडे याने मलबारच्या वनस्पतींवर काढलेला बारा खंडांचा ‘हॉर्टस मलबारिकस’ १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला छापून झाला. त्यात रंगभट, विनायक पंडित आणि आप्पू भट या तीन कोंकणी वैद्यांचं नागरी लिपीतलं प्रमाणपत्र आहे. माहितीचा मोठा भाग दिला तो इट्टी अच्युदन या मल्याळी वैद्याने. या वैद्याकडेही घराण्यात चालत आलेलं एक पुस्तक होतं, आणि आपण सांगतो ते त्या पुस्तकातलं आणि स्वतःच्या दीर्घ अनुभवातलं आहे, असं त्याने लिहून दिलं. म्हणजे ‘पुस्तकी ज्ञान’ आणि ‘मुरलेलं ज्ञान’ यांच्यात आपण जी भिंत घालतो, ती तेव्हाही इतकी सरळ नव्हती. ज्यांनी झाडांवर चढून फांद्या तोडून आणल्या, त्यांची नावं मात्र त्या बारा खंडांत सापडत नाहीत. ती प्रथा आजवर चालू आहे.

इंग्रजी अमलात १८८६मध्ये मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा वनस्पतींवरचा पंचविसावा खंड निघाला. मूळच्या गोव्याच्या डॉ. जुझे कामिल लिस्बोआ यांनी त्यात उपयोगी वनस्पतींची माहिती लिहिली आणि दुष्काळात लोक काय काय खातात याची यादीही दिली. १८७६-७८चा दुष्काळ तेव्हा ताजा होता. आज हॉटेलात ‘विस्मरणात गेलेली चव’ म्हणून ज्या पाल्याचे भलते पैसे मोजले जातात, त्यातला काही भाग सरकारी दप्तरात प्रथम उपासमारीच्या सदरात नोंदला गेला होता, हे आज पुस्तक काढणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. त्यानंतर थिओडोर कुकचा मुंबई इलाख्याचा वनस्पतिकोश १९०१ ते १९०८ या काळात भागाभागाने आला. मराठीत डॉ. वामन गणेश देसाई यांचा ‘ओषधीसंग्रह’ आला. खूप पुढे वनाधिकारी मारुती चितमपल्ली यांनी पारधी, गोंड आणि इतर रानकऱ्यांची बोली मराठी ललितात आणली, आणि आनंद पाळंद्यांच्या ‘डोंगरयात्रा’ने एका पिढीला सह्याद्रीच्या वाटा वाचायला शिकवलं. हा वारसा थोडाथोडका नाही. तरीही यातलं कुठलंही पुस्तक हातात घेऊन जूनमध्ये गागोद्याच्या बांधावर उभं राहिलं की पंचाईत होतेच.

वनस्पतिशास्त्र झाड ओळखतं ते मुख्यतः फुलावरून. पाकळ्या किती, पुंकेसर कसे, बीजकोश कुठे, या खुणांवर सगळं वर्गीकरण उभं आहे, आणि ते योग्यच आहे, कारण पानं फसवतात. पण पालेभाजी खायची असते ती फूल येण्याच्या कितीतरी आधी. टाकळा खुडायचा तो जमिनीतून वर आल्यावर दोन-चार पानांवर असताना. त्याला पिवळी फुलं लागतात तोवर तो मांडीला लागतो, पानं राठ होतात आणि उग्र वास सुटतो. कुर्डू तुऱ्यावर आला की भाजीतून बाद. फोडशी म्हणजे पावसाच्या पहिल्या पंधरवड्यातली गवतासारखी पाती, पांढरं फूल दिसलं की तिचा मोसम सरत आलेला असतो. कवळा तर नावाप्रमाणे कोवळाच हवा. पुस्तकातला फोटो मात्र हमखास फुललेल्या झाडाचा असतो. फुललेलं झाड दिसतं छान, ओळखायला सोपं, आणि बहुतेक छायाचित्रकार श्रावण-भाद्रपदात रानात जातात. वाचकाला जूनमधलं बोटभर रोप ओळखायचं आहे आणि पुस्तक त्याला सप्टेंबरमधलं झुडूप दाखवतं. मला हा या सगळ्या वाङ्मयाचा मूळ दोष वाटतो. बाकीचे दोष दुरुस्त करता येतील, पण हा सवयीत मुरलेला आहे.

कातकरी बाई रोप ओळखते ते मुख्यतः जागेवरून. गेल्या वर्षी इथे काय वाळून पडलं होतं, याच बांधाला काय येतं, पाणी कुठे साचतं, शेजारी काय उगवलंय, हे तिला आधीच ठाऊक असतं. रोप वर यायच्या आधी तिला त्याची वाट माहीत असते. पुस्तक हे देऊ शकत नाही, कारण पुस्तक गागोद्यासाठीही असतं आणि गडचिरोलीसाठीही. एकाच भाजीला कुठे फोडशी म्हणतात, कुठे कुली. उलट ‘रानटाकळा’सारखं एक नाव दोन ठिकाणी दोन झाडांना चिकटलेलं आढळतं.

टाकळ्याचंच उदाहरण पुढे न्यायला हवं, कारण पुस्तकाची खरी गरज इथेच कळते. टाकळ्याचा जवळचा भाऊ म्हणजे कासुंदा. दोघंही बांधावर, रस्त्याकडेला, उकिरड्याशेजारी वाढतात. दोघांची फुलं पिवळी. कासुंद्याच्या बिया विषारी. पश्चिम उत्तर प्रदेशात अनेक वर्षं हिवाळ्याच्या तोंडावर लहान मुलं दगावत होती आणि तो मेंदूज्वर समजला जात होता. बालरोगतज्ज्ञांनी पिच्छा पुरवला तेव्हा २०००च्या दशकात उलगडा झाला की मुलांनी कासुंद्याच्या शेंगा खाल्ल्या होत्या. २०१६मध्ये ओडिशाच्या मलकानगिरी जिल्ह्यातल्या बालमृत्यूंच्या तपासातही हेच झाड पुढे आलं. आता खूण बघा. टाकळ्याच्या पानाला पर्णिकांच्या साधारण तीन जोड्या असतात, टोकाशी रुंद आणि गोलसर. कासुंद्याच्या चार-पाच जोड्या, आणि प्रत्येक पर्णिका टोकाशी निमुळती. ही दोन वाक्यं चांगल्या पुस्तकात असतात, आणि ज्याच्या घरात रान ओळखणारी आजी नाही त्याच्यासाठी ती मोलाची आहेत. काय खावं हे सांगणारी पुस्तकं उदंड झाली. काय खाऊ नये आणि ते कशासारखं दिसतं, हे जोडीने दाखवणारं पुस्तक माझ्या लेखी त्यांच्या दसपट किमतीचं.

कळलावीचंही तसंच. कोकणात तिला खड्यानाग म्हणतात. श्रावणातलं तिचं लाल-पिवळं फूल कुणीही ओळखेल. पण फूल नसताना ती एक साधी वेल असते आणि जमिनीखाली तिला कंद असतो. करांदे, कोनफळं खणायची सवय असलेल्या हाताला हा कंद परका वाटत नाही. त्यातलं कोल्चिसीन जीव घेतं. वेलीची खूण एकच, पानाच्या टोकाचा वळलेला तणावा. कुठल्याही रानकंदाच्या पुस्तकात ती खूण पहिल्या पानावर असावी, पण बहुतेकदा ती कळलावीच्या औषधी गुणांखाली दडलेली सापडते.

ओळख पटली तरी काम अर्धंच होतं. शेवळं घ्या. सुरणाच्या कुळातली ही वनस्पती, पान येण्याआधी जांभळट कोंब जमिनीतून वर काढते आणि तोच कोंब खायचा. ठाणे-रायगडात आणि मुंबईतल्या कायस्थ प्रभू, पाचकळशी घरांत जूनच्या पहिल्या आठवड्यात त्याची अक्षरशः वाट बघितली जाते. कच्चट राहिलं तर घसा असा खाजतो की पाणी गिळवत नाही, कारण त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. म्हणून वरचं आवरण सोलायचं, आतल्या दांड्याचा दाणेदार भाग काढून टाकायचा, बारीक चिरून तेलात परतायचं आणि काकडाची आंबट फळं घालून शिजवायचं. हे काकड म्हणजे खिऱ्याची बहीण नव्हे. ते एका रानझाडाचं फळ, नेमकं शेवळांच्याच मोसमात धरणारं. बाजारात बाई शेवळांच्या जुडीबरोबर मूठभर काकडं बांधून देते. न मागता देते. ती जुडी म्हणजेच पाककृती. मी चाळलेल्या एका पुस्तिकेत शेवळाचं शास्त्रीय नाव, कूळ, औषधी गुण सगळं होतं, काकडाचा उल्लेख मात्र नव्हता. दुसऱ्या एकीत ‘चिंच घालावी’ असं होतं. चिंचेनेही भागतं म्हणतात. पण किती घालावी, केव्हा घालावी आणि खाज गेली हे कशावरून ओळखावं, यावर कागद गप्प होता.

कडू कंदांची प्रक्रिया तर याहून किचकट. चकत्या करायच्या, राख लावून उकळायच्या, रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायच्या, चाखून बघायच्या, कडवटपणा उरला असेल तर पुन्हा तेच. पुस्तकात हे ‘नीट धुऊन घ्यावे’ एवढ्या तीन शब्दांत येतं. त्या तीन शब्दांत किती पिढ्यांचं पोटदुखणं जमा आहे, ते छापणाऱ्याच्या ध्यानात येत नाही.

पुस्तकाच्या मौनाने काय होऊ शकतं, याची जगभर चर्चिली गेलेली गोष्ट अलास्काची आहे. ख्रिस मॅकँडलेस हा अमेरिकन तरुण एप्रिल १९९२मध्ये एकटा तिथल्या रानात शिरला आणि त्या वर्षीच्या उन्हाळ्याअखेर एका सोडून दिलेल्या बसमध्ये मेला. त्याच्याजवळ त्या भागातल्या आदिवासींच्या वनस्पतिज्ञानावरचं एक चांगलं पुस्तक होतं. रानबटाट्याची मुळं खातात, असं त्या पुस्तकात होतं. बियांबद्दल काही नव्हतं. मुळं निबर झाल्यावर त्याने बिया खाल्ल्या, आणि आपल्या अशक्तपणाचा दोष त्याने डायरीत बियांवर ठेवला. ‘इन्टू द वाइल्ड’ लिहिणारे जॉन क्राकाउर यांनी पुढे वीस वर्षं या बियांतलं विष शोधलं. आधी त्यांना वाटलं की त्याने दुसऱ्याच झाडाच्या बिया खाल्ल्या. मग २०१३मध्ये संशय गेला तो आपल्या विदर्भातल्या लाखोळीच्या डाळीत असतं त्या द्रव्यावर. प्रयोगशाळेने ते नाकारलं आणि २०१५मध्ये वेगळंच एक द्रव्य सापडल्याचं प्रसिद्ध झालं. तो मुळात उपासमारीनेच गेला, असं मानणारेही आहेत. वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. एका झाडाचा एक भाग खाण्याजोगा आहे, हे वाक्य त्याच झाडाच्या दुसऱ्या भागाबद्दल काहीच सांगत नाही. कातकऱ्याच्या पोराला हे सांगावं लागत नाही, त्याने कुणाला बिया खाताना पाहिलेलं नसतं एवढं त्याला पुरतं.

अळंब्यांचा विषय मी इथे मुद्दाम आवरता घेतो. वारुळावर येणारी अळंबी गोव्यात आणि कोकणात आवडीने खातात, आणि वर्षानुवर्षं त्याच वारुळावरून काढणाऱ्याने ती खावी. पुस्तक वाचून किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्याला विचारून कुणी अळंबी खाऊ नये. ऑगस्ट २०२३मध्ये न्यू यॉर्कच्या कवकशास्त्र मंडळाने जाहीर इशारा दिला होता की ऑनलाइन दुकानांत यंत्राने लिहिलेली अळंब्यांची पुस्तकं विकली जात आहेत. मराठीत तशी पुस्तकं यायला फार वेळ लागेल असं मला वाटत नाही.

आता तगून राहण्याच्या कौशल्यांकडे. हा सगळा प्रकार आपल्याकडे बाहेरून आला. बेडन-पॉवेल यांचं बालवीरांसाठीचं पुस्तक १९०८चं, ब्रिटिश कमांडो जॉन वाइजमन यांचं जाडजूड मार्गदर्शक १९८६चं. पुस्तकं उत्तम आहेत. पण ती बर्फ, सूचिपर्णी झाडं आणि हरणांची रानं डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली. त्यांतले निम्मे धडे गागोद्याच्या वर राखीव रानात गिरवले तर वनरक्षक पकडून नेईल. १९२७च्या भारतीय वन कायद्याच्या कलम २६ खाली राखीव जंगलात आग पेटवणं गुन्हा आहे. १९७२च्या वन्यजीव कायद्यात घोरपड पहिल्या परिशिष्टात आहे, तिच्यासाठी फासा लावला तर तुरुंग. शेजारच्या मुरूड-रोह्यातलं फणसाड तर १९८६पासून अभयारण्य आहे. आणि जी संकटं इथे खरी आहेत, त्यांना या पुस्तकांत जागा नाही. भातखाचरातल्या चिखलातून होणारा लेप्टोस्पायरोसिस, पाचोळ्यातलं फुरसं, एका तासात चढणारा ओढा. इथे पाण्यावाचून मरणाऱ्यापेक्षा ओढ्यात वाहून जाणारा वाटसरूच सापडेल.

कायद्याचा हा भाग हौशी माणसाला गैरसोयीचा, पण कातकऱ्याला तो मूळ आघात होता. खैराचा कात काढणं हा त्यांचा धंदा, आणि १८७८च्या वन कायद्यानंतर रानावर सरकारी मोहर पडत गेली तसा तो बुडत गेला. कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्याचं १८८३चं गॅझेटियर त्यांच्या खाण्यापिण्याचं वर्णन बारकाईने करतं, आणि त्याच सरकारचं वनखातं त्याच रानाभोवती हद्दीचे दगड रोवत होतं. २५ सप्टेंबर १९३०ला उरणकडच्या चिरनेरला अक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला, तो याच रानहक्काच्या प्रश्नावर. २००६च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरचा हक्क कागदावर परत दिला. तेव्हा शहरातून पुस्तक घेऊन येणाऱ्याने हेही ध्यानात ठेवावं की ज्या रानात आपण हौसेने शिकायला निघालो, तिथे शिकवणाऱ्याला सव्वाशे वर्षं चोर ठरवलं गेलं होतं.

पुस्तकाने रानाचं नुकसानही होतं. खरपुडीचे कंद गुराखी पोरं पूर्वापार खणून खातात, त्याने फारसं बिघडलं नाही. पण खरपुडीच्या कित्येक जाती फक्त सह्याद्रीत आहेत आणि काही तर एखाद-दुसऱ्या डोंगरावरच उरल्या आहेत. ‘चविष्ट कंद, अमुक घाटात विपुल’ असं छापलं की पुढच्या मोसमात तो घाट उकरला जातो. सफेद मुसळी हीदेखील फोडशीच्याच कुळातली. तिच्या एका जातीच्या शास्त्रीय नावात बोरिवली आहे, कारण ती तिथे सापडली. औषधी मुळांच्या मागणीपायी ती रानात कमी कमी होत गेली. पानं खुडून खाणारा झाडाला परत फुटू देतो. मूळ खणणारा ते संपवतो. रानभाजीच्या पुस्तकाने खुडण्याच्या आणि खणण्याच्या भाज्या वेगवेगळ्या भागांत छापाव्यात आणि खणण्याच्या भाज्यांचे पत्ते देऊ नयेत, असं माझं मत आहे. प्रकाशकांना ते पटणार नाही.

एक साधी गोष्टही पुस्तकांत क्वचित येते. टाकळा रानात कमी आणि माणसाच्या पायाखाली जास्त वाढतो. मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेचा टाकळा हिरवागार दिसतो, पण त्याच्यावर धूर आणि धूळ बसलेली असते. बांधावर तणनाशक मारलं असेल तर तिथलं रोप पहिल्या दिवशी टवटवीतच दिसतं. कुठल्या शेतात कधी काय फवारलं, हे गावातल्या माणसालाच ठाऊक असतं, म्हणून भाजी खुडण्याआधी शेतमालकाला विचारावं, आणि नुसत्या परवानगीसाठी विचारून थांबू नये.

कृषी खातं २०२०पासून ऑगस्टात, जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास, जिल्ह्याजिल्ह्यांत रानभाज्यांचे महोत्सव भरवतं. चांगली गोष्ट. पण तोवर शेवळांचा मोसम कधीच संपलेला असतो, टाकळा जरठ झालेला असतो आणि फोडशीला फुलं आलेली असतात. कर्टोली, भारंगी, दिंडा यांचे ते दिवस, म्हणून टेबलावर त्यांची गर्दी. महोत्सवात फोटो निघतात, त्या फोटोंची पुस्तिका होते, आणि जूनची भाजी पुन्हा पुस्तकाबाहेर राहते.

मग पुस्तक कुठलं हवं? एक नमुना कायद्यानेच दिलेला आहे. २००२च्या जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. माधव गाडगीळांनी ही कल्पना रुजवली तेव्हा त्यांच्या मनात होतं की गावकऱ्यांनी स्वतः आपल्या परिसराचं दप्तर लिहावं. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी ते मुदतीच्या धाकाने, बाहेरच्या माणसांकडून, याद्या भरून पुरं केलं गेलं. पेण-रोह्याच्या पट्ट्यात अशी नोंदवही नीट करायची तर वेळ साधावी लागेल. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या कामावर जातात, मुलंबाळं घेऊन, आणि पावसाच्या तोंडावर परततात. जानेवारीत वाडीवर जाऊन ‘इथे काय काय खाता’ असं विचारणाऱ्याला उत्तर द्यायला एखादी म्हातारीच असेल. नोंद जून-जुलैत व्हायला हवी, बांधावर, त्या बाईबरोबर चालत, आणि तिचा दिवस बुडतो म्हणून तिला रोज देऊन. भाजीला तीन फोटो हवेत: दोन पानांचा, खुडायच्या वेळचा, फुललेला. शेजारी तिच्यासारख्या दिसणाऱ्या अखाद्य झाडाचे तेवढेच तीन. खाली काय टाकून द्यायचं, किती उकळायचं, काय घातलं की खाज मरते. आणि ज्या बाईने हे सांगितलं तिचं नाव, तिला चालत असेल तर, फोटोखाली ठसठशीत. हॉर्टसच्या बारा खंडांत जे राहिलं ते इथे तरी राहू नये, आणि अशी वही शहरातल्या वाचकाला विकत द्यायची असेल तर तिचे पैसे वाडीच्या खात्यावर जायला हवेत.